दिलेली विधाने आणि सानगडीचा तांदूळ

५ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: लॉच्या प्रवेशपरीक्षेचा शिस्तबद्ध अभ्यास. हा तिसरा प्रयत्न. आधीच्या दोहोंना अपयश म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा तर्कविभागातील प्रश्नच सदोष होते. तत्त्वज्ञानात पीएच.डी. केलेल्या माणसाला 'विधान व निष्कर्ष' या प्रकरणात निम्मेही गुण मिळत नाहीत, यावरून त्या परीक्षेची पातळी सिद्ध होते.

कॉलेजातील तासिका बंद झाल्यापासून वेळ विपुल आहे. वकील होणे हाच आता मार्ग.

साधना काल हर्षाला घेऊन माहेरी, सानगडीला गेली. जाण्यापूर्वी म्हणाली, "तुम्हाले आमची काही पडलीच नाही." मी शांतपणे निदर्शनास आणले की हे सार्वत्रिक विधान असून त्याच्या पुष्ट्यर्थ किमान तीन उदाहरणे आवश्यक आहेत. तिने सात दिली. सातवे ग्राह्य नव्हते. ते मी सांगितल्यावर तिने बॅग भरली. हर्षाचे दप्तरही नेले.

निष्कर्ष: मला अभ्यासासाठी एकांत मिळावा म्हणून ती गेली. समंजस आहे.

९ जानेवारी
संकल्प: रोज पन्नास प्रश्न. आज चार.

कारण सबळ आहे. पाचवा प्रश्न असा: 'सर्व तांदूळ गहू आहेत. काही गहू दगड आहेत.' वर सूचना की विधाने वास्तवाशी विसंगत वाटली तरी सत्य मानावीत. का मानावीत? भंडारा जिल्ह्यात बसून तांदळाला गहू मानण्याइतका मी परीक्षार्थी झालेलो नाही. समासात सविस्तर आक्षेप नोंदवला. संध्याकाळ त्यातच गेली, परंतु आक्षेप निर्दोष उतरला.

खिचडी करपली. गॅस मंद ठेवण्याबाबत साधनाने कधी स्पष्ट सूचना दिलेली नव्हती.

१४ जानेवारी, संक्रांत
सासऱ्यांचा फोन. कृष्णराव धानाचे शेतकरी; बोलतात कमी. म्हणाले, "जावईबापू, नवा तांदूळ भरडून आणला जी. न्याले या." मी अभ्यासाची अडचण सांगितली. ते म्हणाले, "एक दिवस येऊन जा न जी. तुमचा अलग काढून ठेवला हाय."

विधान पहिले: तांदूळ तयार आहे. विधान दुसरे: तो न्यायचा आहे. निष्कर्ष उघड आहे: त्यांच्याकडे वाहतुकीची सोय नाही. मी तत्काळ तोडगा सुचवला. पोते साकोलीहून येणाऱ्या एसटीत टाकावे, मी भंडारा स्टँडवर उतरवून घेईन. कोणालाच खेप नको. त्यांनी मला तोडगा पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "बरं."

व्यवस्था त्यांना पटली असावी.

२० जानेवारी
पोते आले. ऑटोवाल्याने ते दारात टाकले तेव्हा घरमालकीण शकुनबाई ओट्यावर होत्या. "तांदूळ आला सर, अन् बाई नाई आल्या?" मी सांगितले की या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. त्यावर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अजी, तांदूळ न्याले जावई जात असते. तांदूळ का एकटा येत असते?"

त्यांचे म्हणणे असे की रुसून आलेल्या लेकीला घेऊन जा, असे इकडे कोणताही बाप तोंडाने म्हणत नाही. जावयाला काहीतरी न्यायला बोलावतो. जावई जेवतो, लेक बॅग उचलते, रुसव्याचा विषय कोणी काढत नाही. मी विचारले, याला काही लेखी आधार आहे काय? त्या इतक्या हसल्या की त्यांची सून बाहेर आली, मग तीही हसली.

बहुमत म्हणजे प्रमाण नव्हे. ज्याला जे म्हणायचे आहे, ते त्याने म्हणावे. विधानात जे नाही, ते मी वाचणार नाही.

आज प्रश्न सोडवले नाहीत.

३ फेब्रुवारी
हर्षाचा फोन. मागे भांडी वाजत होती. ती गावच्या शाळेत जाऊन बसते, आजीने कोंबडी पाळायला दिली आहे, इत्यादी. मग एकाएकी म्हणाली, "पप्पा, तुम्ही तांदूळ न्याले काहून नाई आले? आजीनं वडे केले होते. आईनं बॅग भरून ठेवली होती." मी विचारले, मग? "मग काय, आबाजीनं पोतं एसटीत टाकलं. आईनं बॅग रिकामी केली."

बॅग भरलेली होती, एवढ्यावरून ती परत येण्यासाठीच भरली होती असे सिद्ध होत नाही.

बॅग भरलेली होती, एवढ्यावरून ती परत येण्यासाठीच

(वरील वाक्य दुसऱ्यांदा का लिहिले, ते कळत नाही.)

८ फेब्रुवारी, रविवार
सानगडीला जाण्याचे ठरवले. इस्त्रीचा शर्ट. स्टँडवर साकोलीची बस लागलेली होती, खिडकीची जागाही रिकामी होती. पायरीवर पाय ठेवला आणि विचार आला: आज गेलो, तर संक्रांतीलाच जायला हवे होते, हे आपोआप मान्य होते. शिवाय रिकाम्या हाताने काय जायचे? प्रवेश मिळवून जावे. मग कोणाला काही समजावून सांगावे लागणार नाही. कंडक्टर म्हणाला, "सर, चढा नाहीतर उतरा." उतरलो.

हा पराभव नव्हे, क्रमनिश्चिती आहे. आधी परीक्षा, मग सानगडी.

१ मार्च
तांदळाला हात लावलेला नाही. पोत्याचे तोंड साधनाच्या हातच्या गाठीने बांधलेले आहे. ती शेवटचा वेढा उलटा घालते. मी किराणा दुकानातून तांदूळ आणतो. शकुनबाईंनी पाहिले. या खेपेस हसल्या नाहीत.

१२ एप्रिल
परीक्षा. नागपूर. तयारी उत्तम होती.

तर्कविभागात अंतर्निहित गृहीतकाचा प्रश्न आला. 'विधान: एका गृहस्थाने मित्राला कळवले, "आंबे उतरवले आहेत, घेऊन जा." गृहीतके: (अ) मित्राने यावे, अशी गृहस्थाची इच्छा आहे. (ब) आंबे नेण्यास गृहस्थाकडे वाहन नाही.'

मी 'ब' निवडले. मग बदलून 'अ'. मग पडद्याकडे पाहत राहिलो. केंद्रातला एसी फार थंड होता. पुन्हा घड्याळ पाहिले तेव्हा पुढचे बरेच प्रश्न उघडण्याचेही राहून गेले होते. शेवटी कोणता पर्याय नोंदला गेला, ते आठवत नाही.

गुण चांगले येतील.

२७ मे
निकाल लागला. मागील दोन्ही वेळांपेक्षा कमी गुण. उत्तरतालिकेवर मी नोंदवलेले सर्व आक्षेप फेटाळले गेले, एकाच ओळीत, कारणांशिवाय.

साधनाला मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला: 'निकाल लागला.' तिचे उत्तर आले: 'बरं.' बापाचीच लेक.

१४ जून, रविवार, रात्री
सानगडीला जाऊन आलो. प्रवेश न मिळवता, शर्टाला इस्त्री न करता.

कृष्णरावांनी खुर्ची टाकली. सासूबाई निर्मलाबाईंनी पाणी दिले, चहा दिला, जेवायला वाढले. कोणी टाकून बोलले नाही; बोलले असते तर प्रतिवाद तयार होता. साधना समोर येऊन बसली. तिला साकोलीच्या एका शाळेत नोकरी लागली आहे. हर्षाचे नाव सानगडीच्याच शाळेत पाचवीत घातले आहे. ती हे सांगत होती ते मला विचारण्यासाठी नव्हे, कळवण्यासाठी. मी म्हणालो की मी बदलण्याचा प्रयत्न करीन. तिने विचारले, "कोणत्या बाबतीत?" उदाहरण देता आले नाही. एकही.

हर्षाने कोंबडी दाखवली.

उन्हाळी धान निघाले आहे. ओसरीवर नव्या तांदळाची पोती छतापर्यंत रचलेली होती. माझी खुर्ची त्यांना टेकूनच होती.

बसची वेळ झाली. सगळे दारापर्यंत आले. कृष्णराव म्हणाले, "सांभाळून जा जी." मी चप्पल घालायला बराच वेळ लावला. तांदूळ न्या, असे कोणीही म्हणाले नाही.