खिडकीजवळच्या आजी

प्रिय झांफिरा,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर ओळखशील की नाही, कोण जाणे. मी बरी आहे. बसस्टँडजवळ आमची बेकरी आहे, ती चांगली चालते. आई गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या हातचा आलुबुखाराचा मुरंबा तू बरणीतूनच चमच्याने खायचीस, म्हणून कळवते आहे.

तू आता सर्जिकल वॉर्डची मुख्य सिस्टर झालीस, विद्यार्थिनींना शिकवतेस, हे कळलं. आपल्या वेळी मुली इतक्या आणि शिकवायला एकट्या वेतुरिया सिस्टर. आपण बेडपॅन धुवायचे, त्यांची कॉफी करायची. इंजेक्शन द्यायला शिकलो ते एकमेकींच्या दंडावर, मिठाच्या पाण्याने. तू सुई धरून नुसतीच बघत होतीस, तेव्हा मीच म्हणाले, ‘टोच गं, मी काही मरत नाही.’

आणि मग खिडकीजवळच्या त्या आजी. सिस्टरनी पेनिसिलिनची भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. ‘आजींना याचा त्रास होतो का, विचारलंय?’ असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, ‘आता तू मला शिकवणार? जा, टोच आणि ये.’ तू ट्रे धरून माझ्या शेजारीच उभी होतीस. मी टोचलं. आजींचा चेहरा सुजला, श्वास घरघरू लागला. डॉक्टर धावत आले म्हणून वाचल्या.

चौकशीत सिस्टर म्हणाल्या, पोरीने न विचारता दिलं. तरी मी घाबरले नाही, तू होतीस ना. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘मी तिथे नव्हते. चादरी आणायला गेले होते.’ माझं नाव कॉलेजातून काढलं. सिस्टरवरचा राग पुढे निवला. पण तू त्याच संध्याकाळी आमच्याकडे आलीस, आईने वाढलेलं पोटभर जेवलीस आणि ‘फार वाईट झालं गं’ म्हणालीस. ते मला आजही गिळता येत नाही.

माझी लेक सिंझियाना नर्सिंगला आहे. सोमवारपासून ती तुझ्या वॉर्डात येते आहे. ‘मॅडम आपल्याच गावच्या आहेत, आई,’ म्हणून खुशीत आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही. तू माफी मागू नकोस, मी देणार नाही. पण ती फार प्रश्न विचारते. तिला कोणी गप्प करू लागलं, तर तू तिच्या बाजूने बोल. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

एकेकाळी तुझीच,
इलिंका