पांढरी प्रत गिऱ्हाईकाची

७ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन न करता लिहायला बसलो आहे, कारण फोनवर निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. शिवाय आज जे सांगायचं आहे ते घरात मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

मी कॉलेजात जायला लागलो आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच. सुट्टीत मुलं नसतात, वर्ग रिकामे पडतात, म्हणून इथल्या कॉलेजाने साठीच्या पुढच्यांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग काढले आहेत. इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान. परीक्षा नाही. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता, खोली नंबर नऊ. दुकान बंद केल्यापासून दोन वर्षं मी खिडकीत बसून लोकांच्या येण्याजाण्याची हजेरी घेत होतो. बसथांब्यावर जाहिरात दिसली आणि तसाच जाऊन नाव घालून आलो.

बाकं बुटकी आहेत, गुडघे आपटतात. शेजारी एक निवृत्त नर्स बसतात. त्या तासभर डुलक्या काढतात आणि जाग आली की सगळ्यांत अवघड प्रश्न विचारतात. एक वकील आहेत, ते प्रत्येक गोष्टीला हरकत घेतात. शिकवणाऱ्या बाई आपल्या खारूपेक्षाही लहान असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत मरण असं लिहिलं आणि म्हणाल्या, की घरी एकटे बसून तुम्ही याचाच विचार करता, तर इथे सगळे मिळून करू. वकिलांनी लगेच हरकत घेतली. मला मात्र बरं वाटलं. इतकं सरळ कोणी बोलतच नाही गं.

वही विकत घेतली नाही. दुकानातली कार्बन घालायची पावतीपुस्तकं गठ्ठाभर उरली होती, त्यांतच टिपणं काढतो. पस्तीस वर्षं शिलाई मशीनच्या तक्रारी लिहिल्या, आता हात दुसऱ्या कागदावर चालत नाही. पहिल्या दिवसाचं टिपण असं झालं: वस्तू, माणूस. तक्रार, मरण. दुरुस्ती, होत नाही. मुदत, सहा आठवडे. पांढरी प्रत गिऱ्हाईकाची आणि पिवळी दुकानाची, ही सवयही सुटलेली नाही. पांढऱ्या फाडून वेगळ्या ठेवतो.

आता मुद्द्याचं. खारूला यातलं काही माहीत नाही. कॉलेजासमोर मोठं हॉस्पिटल आहे, तिथे कंबरेला शेक घ्यायला जातो असं तिला सांगितलं आहे. सोंग पुरतं वठावं म्हणून हातात जुन्या एक्स-रेचं पाकीट असतं. तुला आठवत असेल, बारावीनंतर पोरीला इतिहास शिकायचा होता. मेलेल्या राजांच्या याद्या पाठ करून पोट भरणार आहेस का, असं मीच तिला विचारलं होतं आणि लॅबच्या कोर्सला घातलं होतं. आज तोच मी जुने राजे आणि जुने विचार शिकायला जातो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

लोभ आहेच. या खेपेला त्याच्या जोडीला तोंडाला कुलूपही असू दे.

तुझा,
ढब्बू

२० मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तू माझ्या मानेची आणि वजनाची चौकशी केली होतीस. मान दुखते, वजन वाढतं, दोन्ही आपापल्या जागी खूश आहेत. आज लिहिते आहे ते बाबांबद्दल. कोणाजवळ तरी बोललं नाही तर माझं डोकं फुटेल.

बाबा तीन आठवडे शेक घ्यायला हॉस्पिटलात जात आहेत. ज्यांच्या कंबरेला शेक हवा ती माणसं कुरकुरत जातात. बाबा बूट पुसून जातात, गुणगुणत येतात. एक्स-रेचं पाकीट माझ्या हाती लागू देत नाहीत. मी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट मला वाचता येतात, म्हणूनच लपवत असणार. घरातली सगळी कपाटं आवरायला काढली आहेत. आणि परवा जेवताना अगदी सहज विचारलं, की मरणाची तारीख आधी कळली तर बरं की न कळलेलं बरं. मी पाणी आणायला उठून गेले.

त्या हॉस्पिटलात शेकाच्या विभागात माझी एक वर्गमैत्रीण आहे. तिने महिन्याभराची नोंदवही पाहिली. बाबांचं नाव कुठेच नाही. शेकाचा विभाग तळमजल्यावर आहे, आत्या. तिसऱ्या मजल्यावर काय आहे ते मला माहीत आहे आणि तिथे कंबरेसाठी कोणी जात नाही.

तरीही मनाची समजूत घालत होते. काल शर्ट धुवायला टाकताना खिशात दुकानाची पिवळी पावती निघाली, बाबांच्या अक्षरात. वस्तू, माणूस. तक्रार, मरण. दुरुस्ती, होत नाही. मुदत, सहा आठवडे. स्वतःच्या दुखण्यावर असला विनोद करणारे बाबाच. तारीख ४ मे. मी रोज पन्नास जणांचे रिपोर्ट छापते, पण हा वाचून मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

आणखी एक. दुसऱ्या गावातल्या नव्या हॉस्पिटलात लॅबची मुख्य म्हणून मला बोलावणं आलं आहे. हाताखाली आठ माणसं, यंत्रं सगळी नवी. किती वर्षं वाट बघत होते ते तुला ठाऊक आहे. होकार ३१ मेच्या आत कळवायचा आहे. मी नकार लिहून पर्समध्ये ठेवला आहे, २८ तारखेला टाकेन. बाबांना हे सांगायचं नाही. त्यांना जोवर लपवायचं आहे तोवर मला काही माहीत नाही, असंच चालू दे. तुला माझी शपथ आहे.

तुझा लोभ आजवर गृहीत धरत आले. या वेळी मागते आहे.

तुझी,
खारू

२३ मे

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. (सवयीने लिहिले. पत्र संपेपर्यंत टिकतील की नाही सांगत नाही.)

मी अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढली. एकाच्या पत्रातलं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही, नवऱ्याचं बायकोला नाही आणि बापाचं लेकीला नाही. तुझं कॉलेज मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याच न्यायाने मला आणखी कोणाचं पत्र आलं आहे का आणि त्यात काय आहे, हे तुलाही सांगणार नाही.

फक्त तुझ्या शर्टाचे खिसे तपास. चार तारखेची पिवळी प्रत पुस्तकात आहे का बघ. नसेल तर ती कोणाच्या हाती लागली असेल याचा विचार कर. ज्या माणसाला तुझ्या कॉलेजाचा पत्ता नाही, ज्याला तू हॉस्पिटलात जातो असं सांगितलं आहेस, त्याने ती वाचून काय समजावं? तत्त्वज्ञान शिकतो आहेस ना, मग एवढं तुझं तुला सुटायला हवं.

ढब्बू, लाज वाटते म्हणून तू गप्प बसलास, ते मी समजू शकते. तुझ्या जागी मलाही वाटली असती. पण सतरा वर्षांपूर्वी तू बोलून पोरीची वाट अडवलीस आणि आता न बोलता अडवतो आहेस. दुसऱ्या खेपेला मी गप्प राहणार नाही. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी तिला सगळं सांग. तोंडाने जमत नसेल तर लिहून दे. तेही जमलं नाही तर मी पहिल्या बसने तिथे येते, आणि माझं येणं तुला किती महागात पडतं ते तू जाणतोस.

राग उतरला की लोभ पूर्वीसारखा. तूर्तास राग.

ताई

२३ मे

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला एकच आजार आहे आणि तो मी त्याच्या जन्मापासून बघते आहे. त्याने माणूस दगावत नाही, आजूबाजूची मात्र जेरीस येतात. याहून जास्त न सांगायला मी बांधलेली आहे. पर्समधला लिफाफा तसाच राहू दे. पेटीत पडलेलं पत्र परत काढून देता येत नाही, हे मी जन्मभर रडणाऱ्या लोकांना सांगत आले, तुला सांगायची वेळ आणू नकोस.

लोभ मागायचा नसतो गं. तो तुझाच आहे.

आत्या

२६ मे

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहितो आहे. तू आत भांडी लावते आहेस, त्यांचा आवाज इथे येतो आहे. चार वेळा उठून तुझ्यापर्यंत आलो आणि मीठ कुठे आहे असं काहीतरी विचारून परत फिरलो. म्हणून हे तुझ्या डब्याखाली ठेवतो.

मी मरत नाही. म्हणजे सगळे मरतात तसा कधीतरी मरेन, पण सहा आठवड्यांत नाही. कंबरही ठीक आहे. तुला सापडलेली पावती माझी नव्हे, वर्गातली आहे. मी हॉस्पिटलात जात नाही, समोरच्या कॉलेजात जातो. म्हाताऱ्यांच्या वर्गात तत्त्वज्ञान शिकतो. पहिल्या दिवसाचं टिपण बसमध्ये वाचायला म्हणून फाडलं आणि खिशात विसरलो. ते वाचून तुझं काय झालं असेल हे आज ताईने माझ्या डोक्यात घातलं.

हे लपवलं कारण तुझ्यासमोर लाज वाटली. तू भरलेला इतिहासाचा फॉर्म मी कॉलेजाच्या खिडकीवरून परत आणला होता. तू भांडली असतीस तर मी आणखी भांडलो असतो आणि विसरून गेलो असतो. तू भांडली नाहीस. पुस्तकं खोक्यात भरून देऊन टाकलीस आणि मला चहा आणून दिलास. खोली नऊमध्ये बाई शिकवत असतात आणि मला तो चहा आठवतो. इथे तुझ्या भल्यासाठी असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. माझं चुकलं. दुसरं काही कारण नाही, चुकलं.

माझ्यामुळे तुझी कुठली वाट अडते आहे ते ताई सांगत नाही. काहीही असो, माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. मी एकटा राहू शकतो. मीठ कुठे असतं ते मला माहीत आहे.

शेवटचा वर्ग १० जूनला आहे. त्या दिवशी घरच्या एका माणसाला आणता येतं. येशील का?

लोभ कर असं म्हणायचा हक्क आज नाही. डबा मात्र पूर्ण खा.

तुझे,
बाबा

१२ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू काहीच सांगितलं नाहीस आणि सगळं घडवून आणलंस. तुझी चिठ्ठी आली तेव्हा मात्र माझा विश्वास बसला नव्हता, तू नुसता धीर देते आहेस असंच वाटलं होतं.

बाबांचं पत्र मी लॅबमध्ये डबा उघडताना वाचलं. मी मरत नाही या ओळीपर्यंत आले आणि अशी रडले की शेजारची बाई काही सांडलं का बघायला धावत आली. जीव भांड्यात पडला म्हणतात तो त्या दिवशी कळला. संध्याकाळपर्यंत राग आला. तोही खरा होता. एक अख्खा दिवस मी बाबांशी बोलले नाही. त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी माझं चांगलं चालणारं शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी जाऊन विचारलं, की एक स्क्रू बाहेर कसा राहिला. तिथून बोलणं सुरू झालं ते जेवणं थंड होईपर्यंत चाललं. नकाराचा लिफाफा मी त्यांच्यासमोर फाडला. होकार २९ तारखेला रजिस्टरने गेला, पोच आली आहे. पुढच्या महिन्यात रुजू होते.

परवा खोली नऊमध्ये गेले होते. नर्सबाई खरंच झोपतात. वर्ग संपतो आहे यालाही वकिलांनी हरकत घेतली. बाईंनी प्रत्येकाला काय मिळालं ते विचारलं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, की भीतीची दुरुस्ती काही सापडली नाही, पण पूर्वीसारखी खडखड होत नाही. सगळे हसले. मी हसले नाही, मला त्यांचा अभिमान वाटत होता.

मग बाकावर बसल्या बसल्या बाबांनी ते एक्स-रेचं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यात पांढऱ्या पावत्या होत्या, बारा वर्गांच्या सगळ्या, नंबर घालून लावलेल्या. पावतीवर गिऱ्हाईकाच्या नावाची जागा असते. प्रत्येकीवर तिथे माझं नाव आहे, आत्या. पहिल्या दिवसापासून. मला काही सांगायची त्यांना हिंमत नव्हती तेव्हाही ते माझ्यासाठी प्रत काढत होते.

शेवटची पावती त्याच सकाळची होती. वस्तू, मुलीचं शिक्षण. तक्रार, बापाने बंद पाडलं. दुरुस्ती, जमेल तेवढी केली. मुदत, सतरा वर्षं उशीर. खाली वस्तू मिळाली अशी छापील ओळ असते, सहीसाठी. मी बाबांकडे पेन मागितलं आणि सही केली. त्यांनी चष्मा लावून, दुकानात तपासायचे तशी ती सही तपासली, आणि पावती मला परत दिली. म्हणाले, पांढरी प्रत गिऱ्हाईकाची.

मी गेल्यावर त्यांना दर आठवड्याला लिहीत जा. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
खारू