ढिली पिशवी

२९ ऑक्टोबर ०६
दिवाळीचे पाहुणे आज गेले. घर एकदम खायला उठलं. रेखाले पाचवा लागलाय, चेहरा भरून आला पोरीचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी धरूनच चालले होते. मागच्या खोलीला चुनासुद्धा मारून घेतला.
निघताना जावईबापूंनी खोकं पुढं केलं. सिंगापूरहून आणलेलं. पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड चिकटवायची मशीन. एक इथं, तशीच एक त्यांच्या घरी बंगलोरला.
"आई, बाळंतपण तिकडेच करू. दवाखाना चांगला आहे. तुम्ही लाडू करा, यात बंद करा आणि पाठवून द्या. प्रवासात काही होत नाही, महिनोन्महिने टिकतात. तुम्हाला यायची दगदगच नको."
रेखा नुसती बांगड्या फिरवत बसली. मी म्हटलं, बरं. जावयाच्या तोंडाला कोण लागणार.
वर एवढं बजावून गेले : पिशवी ढिली पडली म्हणजे हवा शिरली. मग आतलं फेकून द्यायचं, खायचं नाही.

३ नोव्हें.
मशीनचं पुस्तक इंग्रजी. मला मराठी वाचता येतं तेच मुळी आमच्या किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून वाचून आलेलं. चित्रं पाहिली. लाडू ठेवले, झाकण दाबलं. घर्रर्र. पिशवी आवळत गेली, आवळत गेली, आणि लाडवांचा पार चेंदा.
हे दुकान बंद करून जेवायला आले. ताटात वाढला तो चेंदा.
"काऊन वं, लाडू केले का गवऱ्या थापल्या?"
हसले मी. साजूक तुपाचं होतं सगळं.

१९ नोव्हें.
जमलं. कोणी शिकवलं नाही, माझं मलाच. लाडू आधी दुकानातल्या थंड बाटल्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून कडक करायचे. पिशवीच्या काठाला तूप लागलं तर तोंड चिकटत नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं. पीठ, तिखट असलं की वर सुती कापड, नाहीतर मशीनच्या नाकात जातं आणि ती खोकत बसते.
शेजारची शांताबाई बघायला आली. म्हणते, "बाई, याच्यात तू जावयालेच भर. ताजा बी राहीन अन् बोलनार बी नाई." दोघी पोट धरून हसलो. ती गेली आणि मला रडू आलं. कशाचं, काय माहीत.

६ जानेवारी ०७
दुकानातून फोन लावला. रेखाले सरळच विचारलं, मी येऊ का? हा जाम गावचा हायवे तर आपल्या दारावरूनच जातो. हैदराबाद, पुढं बंगलोर. ट्रकवाले चहा पितात आणि जातात. मलेच काय जड आहे?
"माय, इथं दोनच खोल्या. सासूबाई येऊन राह्यल्या ना."
"मी सैपाकघरात पडीन वं. माझं काय?"
  मग जावई आले फोनवर. "आई, पार्सल जरा लवकर पाठवा बरं का."
पार्सल पाहिजे. मी नाही.
पुन्हा विचारणार नाही. इथं लिहून ठेवते.

११ फेब्रु.
भरलं सगळं. डिंकाचे, मेथीचे लाडू, खारकेची पूड, बाळंतशेपा, जवसाची चटणी. हिरव्या काठाचं माझं जुनं लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, ते फाडून झबली अन् दुपटी शिवली. तीही एका पिशवीत. दुपारभर लोडशेडिंग. लाइन आली तशी धावत जाऊन एकेक पिशवी बंद केली.
आपल्या घरचं गोडधोड परगावी निघालं की सोबत कोळशाचा खडा जातो. नजर लागू नये म्हणून. माझ्या सासूबाई टाकायच्या, मी टाकते. चुलीतले टणक टणक खडे निवडले, धुऊन वाळवले, एकेका पिशवीत एकेक. मशीननं अशी आवळली की खडा बाहेरून टोकासकट दिसे. पाहून बरं वाटलं. बसला आहे पहाऱ्यावर.
ह्यांनी हिंगणघाटला जाऊन कुरिअरमध्ये टाकलं.

२० फेब्रु.
रेखाचा फोन. आवाज बसलेला. सगळ्या पिशव्या ढिल्या निघाल्या. तिच्या सासूबाई म्हणाल्या, हवा शिरलेलं बाळंतिणीच्या पोटात नको. जावई म्हणाले, नियमच आहे तो. एकही पिशवी न फोडता सगळं खाऊचं कचऱ्यात.
"अन् हे कोळसे कशाला, म्हून विचारे सासूबाई."
"मंग तू काय सांगतलं?"
"काही नाई."
"झबली?"
"हायेत." मग हळूच, "जुनं कापड बाळाले नाई घालायचं म्हणतात."
एक पिशवी माझ्याकडे राहिली होती. काढून पाहिली. तीही ढिली. बादलीत बुडवली. कोळशाच्या टोकापाशी बारीक बुडबुडे. पहाऱ्यावर बसवला त्यानंच भोक पाडलं.
पिशवी फोडून एक लाडू खाल्ला. छान होता. हेच लाडू पत्र्याच्या डब्यात महिनाभर राहतात. डबा ढिला पडला म्हणून लाडू फेकले, असं मी तरी कुठं ऐकलं नाही.
हे म्हणाले, "जाऊ दे. पुन्हा कर, खडा नको टाकू." म्हटलं, बिनखड्याचं माझ्या हातून जायचं नाही. आणि करायचं तरी कोणासाठी, त्यांच्या कचऱ्याच्या डब्यासाठी?

८ मार्च
मुलगी झाली. दोघी खुशाल. ह्यांनी चौकातल्या ट्रकवाल्यांना धरून धरून पेढे वाटले. मी जावयांना विचारलं, रेखा खाते काय?
"इथे तयार लाडू मिळतात, आई. पॅकिंग फार छान असतं."
बरं झालं. पॅकिंग छान आहे म्हणजे पोरीच्या कंबरेची काळजी मिटली.

२३ मार्च
बारसं उरकलं म्हणे. ऊन फार, तुम्हाला त्रास नको म्हणून बोलावलं नाही. नाव आर्या. नात माझी, आणि नाव मला फोनवर कळलं. कानात कुर्र करायचं होतं, ते माझ्याच कानात केलं कोणी.
मशीन माळ्यावर टाकली. मागच्या खोलीत ह्यांनी साखरेची पोती रचली. रचू दिली.

९ एप्रिल
कुरिअरवाला आला. पाठवणाऱ्याच्या जागी रेखाचं नाव, अक्षर तिचंच. चिठ्ठी नाही. आत मशीनची एकच पिशवी.
पिशवीत झबलं. हिरव्या काठाचं. न धुतलेलं, छातीशी दुधाचा पिवळट डाग. कोणी घरात नसताना घातलं असेल पोरीनं पोरीला. आणि घडीत कोळशाचा खडा. बंगलोरला चूल नाही. माझाच असणार, कचऱ्यातून उचलून ठेवलेला.
पिशवी ढिली. नियमानं फेकायची.
ह्यांनी कात्री आणून दिली. घेतली नाही. खड्याच्या टोकाशी भोक सापडलं, तिथं नाक नेलं. दूध. वेखंड. आणि आणखी काहीतरी, त्याला मला शब्द येत नाही. पिशवी हातात धरली की त्या भोकातून थोडं थोडं बाहेर येते पोर. किती दिवस पुरेल?
हे दारात चपला घालून उभे राहिले. "बंगलोरच्या गाडीचं विचारून येऊ काय?"
पुन्हा विचारणार नाही, असं मी मागं लिहून ठेवलं आहे.  माळ्यावरून मशीनच्या मागचा पत्र्याचा मोठा डबा ओढला आणि राख घेऊन घासायला बसले. हे पाहत राहिले, मग गेले चौकाकडे.
तिथं दार कोण उघडेल, उघडेल का, माहीत नाही. विचारलं कोण आहे, तर सांगीन, पार्सल.