भिंतीवरचा सेनापती

बाबा, गेल्या रविवारी इथे आयर्लंडमध्ये, नास गावाजवळच्या एका जुन्या जमीनदाराच्या घरात मला तुमचा सेनापती दिसला. ते घर आता लोकांना बघायला उघडं असतं. लेकीला शाळेसाठी काहीतरी लिहायचं होतं म्हणून आम्ही गेलो होतो. आई गुडघ्यांमुळे खालीच बसून राहिली. जिन्याच्या वळणावर काळपट पडलेलं एक मोठं चित्र होतं, आणि मी ते लगेच ओळखलं. शिरस्त्राण, लाल झगा, मागे रोमची बंद वेस, सगळं तुम्ही शाळेच्या सभागृहाच्या भिंतीवर काढलं होतं तसंच. फक्त तुमच्या भिंतीवर तो एकटा होता. इथे त्याच्यासमोर त्याची म्हातारी आई गुडघे टेकून बसली आहे, बायको उभी आहे, आणि दोन लहान मुलांना कुणीतरी मागून पुढे ढकललं आहे. इथे कुणाही माणसाला ‘युवर मॅन’ म्हणतात; लेक तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, “युवर मॅन आता हरणार. त्याचा हात बघ ना, तलवारीवरून सुटलाय.”

तुम्ही आम्हाला चित्रकलेच्या तासाला अर्धीच गोष्ट सांगितली होती. ज्या रोमसाठी तो लढला त्याच रोमने त्याला हाकलून दिलं, आणि तो शत्रूची फौज घेऊन आपल्याच शहरासमोर उभा राहिला. तो बरोबर की चूक, असं वर्गात कुणीतरी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ते तुम्ही ठरवा, आणि पुढचं मोठे झाल्यावर वाचा. मी मोठी झाले, रसायनशास्त्र शिकले, इथल्या कारखान्यात लागले, पण पुढचं काही वाचलं नाही; ते आता त्या चित्राखालच्या पाटीवर वाचलं: आईने विनवलं आणि तो शहर न घेता परत फिरला.

मग ते तपासणीला आलेले साहेब. स्वतःच्या राज्यावर चालून गेलेला माणूस सरकारी शाळेच्या भिंतीवर कशाला, असं त्यांनी विचारलं आणि चित्र पुसायला सांगितलं. तुम्ही लेखी कळवलं की पुसणार नाही. महिन्याभरात तुमचं निलंबन झालं, आणि शाळेच्या आवारातली आपली दोन खोल्यांची जागा सोडायची नोटीस आली. मुख्याध्यापक घरी येऊन गेले, आजोबा गावाहून येऊन गेले, मामा आला. तुम्ही सगळ्यांना चहा दिलात आणि नाही म्हणालात. आई आत भांडी बांधून ठेवत होती.

शनिवारची दुपार आहे, शाळा सुटली आहे, सभागृहात तुम्ही एकटेच त्या भिंतीसमोर बाकावर बसला आहात. मी अकरा वर्षांची. मी जवळ येऊन म्हणते, “बाबा, पुसून टाका ना.” तुम्ही माझ्याकडे वळता. मग विचारता, “आईने पाठवलं?” आणि मी होकाराची मान हलवते.

सोमवारी तुम्ही स्वतःच चुना कालवलात. पहिल्या हातातून लाल झगा दिसत राहिला, म्हणून दुसरा हात दिलात. नोकरी परत मिळाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही फळ्यावर घडा आणि फुलदाणी काढलीत, आणि आईशी कामापुरतं बोललात. गेलात तेव्हाही तसेच गेलात.

त्या घरातून परत आल्यावर आई स्वयंपाकघरात प्रेसमध्ये डबे लावत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता तीही म्हणते. मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी तिचं नाव घेतलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“माहीत आहे मला. त्याच रात्री त्यांनी विचारलं होतं, पोरीला का पुढे केलंस म्हणून.”

“मग तू मला पाठवलं नव्हतंस, हे त्यांना सांगितलं का नाहीस?”

“मी पाठवणारच होते तुला. तू आधी गेलीस, एवढंच.” तिने एक डबा आत सरकवला. “आणि अकरा वर्षांच्या पोरीवर राग धरून ते जगले असते का? माझ्यावर धरता आला.”

मी खुर्चीवर बसले. ती जवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, घर जाईल म्हणून घाबरली होतीस तू, लहान होतीस. मी हो म्हणाले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. आईला तर हे वाचूनही दाखवणार नाही. बाबा, मला घराची भीती नव्हती, नोटीस म्हणजे काय तेही नीट कळत नव्हतं. स्नेहसंमेलनाच्या नाचात बाईंनी मला मागच्या रांगेत टाकलं होतं. निलंबित मास्तरांची मुलगी पाहुण्यांसमोर नको, म्हणाल्या होत्या. मला पुढची रांग हवी होती. ती मिळाली.