न मोजता केलेली सही

३ मार्च, सोमवार

आज मी न मोजता सही केली. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे. लेकीने ही वही तीन वर्षांपूर्वी दिली होती. आजवर कोरी होती.

काय झालं ते नीट लिहिते. पोटाच्या ऑपरेशनचा मोठा ट्रे. हत्यारं बेचाळीस. धुऊन आली की एकीने मोठ्याने मोजायचं, दुसरीने नोंदवहीत लिहायचं, मग सही, मग कापडात बांधून वाफेच्या मशीनमध्ये. ही पद्धत आमच्या हॉस्पिटलात मीच घातली. बावीस वर्षं झाली. तेव्हा या खोलीत आम्ही पाच जणी होतो. आता दोघी — मी आणि माझ्या हाताखालची ती गोगलगाय. ऑपरेशनं मात्र दुप्पट! म्हणून मी एकटीच मोजते, एकटीच लिहिते, आणि ती पलीकडच्या टेबलावर बांधते. आज ती रजेवर होती. बांधणंही माझ्याकडेच.

निघताना सिंकच्या जाळीत एक चिमटा दिसला. कपाटातून ट्रे काढला, सोडला, मोजला. एक्केचाळीस! वहीत माझ्याच अक्षरात ४२, खाली सही. अक्षर सुरेख. मोजल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही.

हा ट्रे उद्या उघडला असता. ऑपरेशन संपताना मोजणीत एक चिमटा कमी भरला असता. टेबलावर पोट उघडं असलेला माणूस, आणि आत राहिला की काय म्हणून सगळे चाचपताहेत — जो चिमटा तिथे गेलाच नव्हता!

ट्रे पुरा केला, पुन्हा बांधला, पुन्हा वाफेला लावला. कुणाला कळलं नाही. तेच जास्त लागतंय.

४ मार्च

प्रत्येक ट्रे दोनदा मोजला. सहाव्या ट्रेला तेविसावर अडकले. पुढचा आकडा सुचेना. चोवीस! चोवीस सुचेना मला!

६ मार्च, गुरुवार

राजीनामा दिला. दुसरी नोकरी बघितलेली नाही, इतक्यात बघणारही नाही. वय छप्पन्न. निवृत्तीला दोन वर्षं.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "विचार केलास?"

"चार महिने करतेय."

"मला बोलली नाहीस ती?"

"तुम्ही समजूत घालत बसला असता."

हसले. "बरं. आता घरातले चमचे मोजू नकोस म्हणजे मिळवली."

कालच मोजले होते. अठरा आहेत.

लेकीचा फोन. "आई, हातात दुसरं काही नसताना कुणी सोडतं का गं? दोनच वर्षं! दात-ओठ आवळून काढ की." म्हटलं, दात-ओठ शाबूत आहेत, हात ऐकत नाहीत. तिला विनोद वाटला. वाटू दे.

१० मार्च

अधीक्षकांनी बोलावलं. माझं पत्र समोर. मी लिहिलेलं असं: 'मी दमले आहे. दमलेल्या हातांनी मी एक ट्रे न मोजता सही केली. पुन्हा होईल. पाच जणींचं काम दोघींकडून होत नाही.'

"सिस्टर, एवढं बदलून आणा. 'कौटुंबिक कारणास्तव' लिहा. सगळे तेच लिहितात."

"कुटुंब ठणठणीत आहे, साहेब. त्याला मध्ये कशाला ओढू?"

"हे फायलीत गेलं की वरून विचारणा होणार."

"म्हणूनच लिहिलंय."

"तुमच्यावर चौकशी बसेल."

"बसू दे. निदान चौकशीला तरी कुणी बसेल."

हे मी खरंच बोलले! मग साहेबांनी आवाज मऊ केला. महिनाभर रजा घ्या, ताज्या होऊन या. म्हटलं, दोन वर्षांत रजेचे पाच अर्ज केले, पाचही 'माणसं नाहीत' म्हणून परत आले. आता कुठून आली माणसं? त्यांनी पेनाचं टोपण घातलं, काढलं, घातलं.

कागद उचलला नाही. त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

१३ मार्च

गोगलगायीवर ओरडले. हे नाव मीच ठेवलंय, तोंडावर म्हणते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पूर्वी हात बरा चालायचा. नोव्हेंबरपासून काय बिघडलंय कोण जाणे — एक ट्रे बांधायला बारा मिनिटं! शिवाय टेबलापाशी पाठ माझ्याकडे करून उभी. म्हटलं, "अगं, एवढ्या वेळात पेशंट बरा होऊन घरी जातो! मी गेल्यावर ही खोली तू चालवणार?"

"हो ताई," एवढंच. पुन्हा पाठ.

उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च

कारण बदलण्याबद्दल तिसरा निरोप. तिसऱ्यांदा नाही.

२२ मार्च

शेजारीण दारात. "मग आता पुढे काय करणार?"

"झोपणार."

"आणि नंतर?"

"कूस बदलणार."

ती गेली तशी हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

पण इथे खोटं कशाला लिहू? भीती वाटते. बावीस वर्षं मी एकच गोष्ट ताठ मानेने सांगत आले — माझ्या खोलीतून चुकीचा ट्रे बाहेर गेला नाही. नोकरी सोडून तेवढं वाचवायचं आहे. एक चूक झाली, ती माझी मीच पकडली, लिहून दिली. इथेच थांबायचं.

२८ मार्च

पत्र वर गेलं म्हणे! आज वॉर्डातल्या दोघी आमच्याकडे पाठवल्या, 'तात्पुरत्या'. अर्जांनी जे दोन वर्षांत झालं नाही ते चार ओळींनी केलं. साहेब जिन्यात भेटले. भिंतीकडे बघत उतरले.

आज एक मोजत होती, दुसरी लिहीत होती. खोलीत पुन्हा मोठ्याने आकडे. मी सिंकपाशी उगाच नळ सोडून उभी राहिले.

५ एप्रिल, शनिवार

शेवटचा दिवस. सकाळी गोगलगायीने माझ्या हातात एक छोटी वही ठेवली. तारीख, ट्रे, काय कमी होतं. पहिली नोंद ११ नोव्हेंबर. कात्री एक. मग चिमटा. मग सुई धरायची पकड. प्रत्येक ट्रे माझ्या सहीचा. तेवीस.

नोव्हेंबरपासून ती बांधायच्या आधी माझा प्रत्येक ट्रे मोजत होती, कमी असेल ते भरत होती. पाठ करून. म्हणून बारा मिनिटं. ३ मार्चला ती रजेवर होती, म्हणून तेवढा एक माझ्या नजरेला पडला.

"सांगितलं का नाहीस?" ओरडलेच.

"सांगितलं असतं तर तुम्ही अजून मोजत बसला असता, ताई. घरी गेलाच नसता."

नियमाने तिने सांगायलाच हवं होतं. हेही तिला ऐकवलं. "हो ताई," म्हणाली.

ऑफिसात जाऊन पुरवणी पत्र दिलं: 'एक ट्रे' ऐवजी 'चोवीस ट्रे' असे वाचावे. कारकून म्हणाला, "आज जाताय ना, सिस्टर? आता कशाला?" म्हटलं, आकडा चुकला होता. ती वही दाखवली नाही. मागितली तरी देणार नाही.

सुपूर्द केलं ते असं: चाव्या तीन. नोंदवह्या एकोणीस. बांधलेले ट्रे चौसष्ट. सुटी हत्यारं दोनशे सात. ती मोठ्याने म्हणत गेली, मी लिहीत गेले. घाई केली नाही.