घरचे संबंध

आई, तुझं अंग बाहेर यायचं तेव्हा मला वाटायचं, तुला ताप येतो. नाचणगावच्या घरी तू पाण्याची गुंडी उचलायचीस, मध्येच खाली ठेवायचीस आणि लुगड्यावरून हात दाबून भिंतीला टेकायचीस. "काऊन वं आई?" म्हटलं की तुझं ठरलेलं, "काई नाई, अंग आलं. जाय, खेळ तू." मी तुझ्या कपाळाला हात लावायचे. ते थंड असायचं. तू हसायचीस आणि गुंडी पुन्हा उचलायचीस.

दोन लेकरांनंतर माझंही अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर आलं. तुझ्यासारखं जन्मभर फडकं बांधून राहायचं नव्हतं, म्हणून वर्ध्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. आधी अंग बोटानं आत लोटल्याशिवाय लघवी व्हायची नाही. आता मोकळी होते, इतकी मोकळी की नुसत्या खोकल्यानंही साडी भिजते. ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी व्यायाम शिकवला, तो करते. दुसरं मात्र सांगता येत नाही. तुझे जावई जवळ आले की आत असं दुखतं, मी दात आवळून पडून राहते. त्यांना ते कळतं, पण भलतंच कळतं. परवा दुकानाचं शटर ओढताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले मी नकोसा झालो का?" "तसं नाई हो," मी म्हटलं आणि कुलूप पुढे केलं. माणूस स्वभावानं गरीब आहे गं. आता बोटही लावत नाहीत. मला ते हवे आहेत आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. काय करू, सुचत नाही.

तुझं अन् बाबांचं कसं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू लाटणंच उगारलं असतंस.

मागच्या तपासणीला सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी संबंध कसे आहेत आता?" मी म्हटलं, "चांगले आहेत जी. सासूबाई लेकीवानी ठेवतेत मले." सासूबाईंचा चेहरा खुलला. डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. जाऊबाईंना मी हे हसत सांगितलं, की डॉक्टरीणबाई कोणत्या संबंधाचं विचारत होत्या ते मला पुलगावच्या बसमध्ये बसल्यावर कळलं. त्याही पोट धरून हसल्या.

खोटं आहे, आई. मला तिथंच कळलं होतं.