मान हलवली

गुरुवार, ता. १९

सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझं पत्र सोमवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार नाही. आईचा गुडघा कसा आहे? भाऊजींना नवी पाळी मानवली का? माझ्या खिडकीला घरमालकाने एकदाची काच बसवली.

आईने माझा वर्गातला फोटो शेजारी दाखवला, आणि ‘आठवीत शाळा सोडलेलं पोरगं शेवटी विद्यापीठात बसलं’ म्हणून डोळे पुसले, असं तू लिहिलंस. फोटो मीच पाठवला. सोबत चार शब्द लिहिले नाहीत, तीच माझी लबाडी. मी अजून विद्यापीठाच्या देणगी विभागात शिपाईच आहे. हे आईला तूच सांग, माझ्याने होणार नाही.

झालं असं. मोठ्या विभागांना देणगीदार आपणहून येतात. लहानांसाठी आमच्या साहेबांना दारोदार फिरावं लागतं. खुणांची भाषा शिकवणारा वर्ग सगळ्यांत लहान, चार विद्यार्थी. पैसे मिळाले नाहीत तर यंदा बंद होणार होता. एक आजी द्यायला तयार झाल्या, पण म्हणाल्या, आधी वर्ग बघेन. चार डोकी बघून कोण पैसे देईल? म्हणून साहेबांनी माळी, झेरॉक्सवाला, ग्रंथालयातले दोघे आणि मला इस्त्रीचे शर्ट घालून बाकांवर बसवलं.

माळी म्हणाला, “साहेब, परीक्षा घेतली तर?”

“तू आधी नखं लपव,” साहेब म्हणाले. सगळे हसले, मीही. शिकवणारे सर तेवढे हसले नाहीत.

माझा शर्ट बरा, म्हणून मी पुढे. आजी नेमक्या माझ्यासमोर थांबल्या आणि तोंडाने न बोलता हातांनी काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी हसून मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. फोटो तेव्हाचा.

नंतर सरांनी सांगितलं. आजींच्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांनी विचारलं होतं, ‘त्याच्याशी बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही. रविवारी घरी येशील?’

“तू हो म्हणालास,” सर म्हणाले. “आता जा, नाहीतर खरं सांग. मी पोटासाठी गप्प बसलो, मला विचारू नकोस.”

खरं सांगायला गेलो होतो, असं तुला लिहिणार होतो. तसं नाही. ऐनवेळी काहीतरी सुचेल म्हणून गेलो.

दार त्या भावानेच, म्हणजे आजोबांनीच उघडलं. नवा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. मला बसवलं आणि त्यांचे हात सुरू झाले, भरभर, साठलेलं सगळं सांडावं तसे. मी मान हलवत राहिलो. हळूहळू हात मंदावले. त्यांनी एक खूण सावकाश केली, पुन्हा केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

कळलं त्यांना.

तेवढ्यात आजी चहा घेऊन आल्या. आणि ताई, आजोबांनी हात परत उचलले. माझ्याकडे बघून बोलू लागले. मध्येच थांबायचे, मी मान हलवली की हसायचे. काय बोलत होते कुणास ठाऊक. बहिणीचा आनंद मोडू नये म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाने माझं सोंग स्वतःच्या अंगावर घेतलं.

“इतकं खुललेलं मी याला कधी पाहिलं नव्हतं,” आजी दारातूनच म्हणाल्या. “पुढच्या रविवारी नक्की ये हं.”

परवा पैसे आले. वर्ग तूर्त वाचला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, ती जागा अजून जळते आहे. मी तोंड उघडलं तर पैसे परत जातील, चौघांचं शिक्षण आणि सरांची नोकरीही. नाही उघडलं तर आजोबांनी दर रविवारी आपल्याच घरात नाटक करायचं. ते मला बघवणार नाही.

काल सरांना म्हटलं, रविवारी आजींना खरं सांगणार आहे. त्यांनी सगळा फळा पुसला. मग ‘सांग’ म्हणाले. आजोबांना कळलेलंच आहे, तरी त्यांना ते माझ्या हातांनी सांगावं, म्हणून सरांकडून एक खूण शिकून घेतली: ‘मला ही भाषा येत नाही.’ सर म्हणाले, “एवढी तरी नीट कर.” आज जेवणाच्या सुट्टीत करून पाहिली.

रविवारनंतर तोंड दाखवण्यासारखं राहिलं, तर घरी येईन.

तुझाच,
धाकटा